फझी टोपोलॉजीत हाउसडॉर्फ आणि पूर्ण नियमितता यांच्या इतक्या व्याख्या का आहेत, आणि प्रबंधासाठी कोणती धरावी?

व्याख्या अनेक आहेत, कारण फझी संच (ज्यात प्रत्येक बिंदू ० ते १ यांमधील काही मात्रेने असतो) आणि त्याचा पूरक (ज्यात ती मात्रा एकातून वजा होते) यांचा छेद शून्य असतोच असे नाही. नेहमीच्या टोपोलॉजीत ‘अ आणि ब यांचा छेद रिकामा आहे’ आणि ‘अ हा ब च्या पूरकात मावतो’ ही दोन्ही विधाने एकच होत. चांग या गणितज्ञाने १९६८ मध्ये मांडलेल्या फझी अवकाशात (जिथे विवृत म्हणून निवडलेले संच फझी असतात) मात्र दुसरे विधान पहिल्यापेक्षा दुबळे ठरते आणि विभाजनाची प्रत्येक अट (हाउसडॉर्फ: दोन बिंदू विलग विवृत संचांत ठेवणे; पूर्ण नियमितता: बिंदू आणि संवृत संच, म्हणजे विवृताचा पूरक, शून्य ते एक या मध्यंतरात जाणाऱ्या संतत फलनाने वेगळे करणे) तिथून दोन वाटांना लागते. आमच्याकडे शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, दोन्ही शेजाऱ्यांचा थोडाथोडा हक्क असतो. दोघांचा मिळून एकापेक्षा जास्त होऊ नये, एवढेच दुसरी अट मागते, पहिली मात्र असा सामाईक धुराच नाकारते.

आपण पूर्ण नियमिततेचा उल्लेख करून माझे जुने दुखणे वर काढले आहे, म्हणून त्यावर सविस्तर लिहितो. मी यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी पदवीच्या वर्गांना गणित शिकवतो. प्रबंधाचे काम नोकरी सांभाळून केले. हटनचा १९७५ चा लेख, ज्यात फझी मध्यंतर (शून्य ते एक या संख्यांच्या पट्ट्याचे फझी रूप) आणि संच संतत फलनाने वेगळे करण्याच्या उरिसोनच्या प्रमेयाचे फझी रूप आहे, तो मिळवण्यासाठीही नागपूरला जाऊन झेरॉक्स काढून आणावी लागली होती. आराखड्याच्या सादरीकरणात शहरातून आलेल्या एका तज्ज्ञांनी पूर्ण नियमिततेच्या व्याख्येवरच बोट ठेवले आणि विचारले की, शून्य ते एक हे साधे मध्यंतर साऱ्या जगाला पुरते, तर तुम्हालाच हे फझी मध्यंतर कशाला हवे?

मी फळ्यावर उत्तर लिहिले. अवकाशात क्ष आणि य हे दोनच बिंदू घ्या. अ या संचात क्ष ची मात्रा ०.७ आणि य ची ०.३ ठेवा, ब मध्ये त्या उलट करा. ०, १, ०.३ आणि ०.७ हे स्थिर (सर्वत्र एकच मात्रा असलेले) संच आणि अ, ब असे सहा संच मिळून फझी टोपोलॉजी होते. यात निखळ, म्हणजे केवळ ० आणि १ मात्रांचे, विवृत संच रिकामा आणि पूर्ण हे दोनच आहेत. त्यामुळे साध्या मध्यंतरात जाणारे प्रत्येक संतत फलन स्थिर निघते आणि त्याला अ दिसतच नाही. हटनच्या मध्यंतरातील बिंदू मात्र संख्या नसून शून्याआधी १ आणि एकानंतर ० असणारी उतरती फलने असतात. प्रत्येक बिंदूला, शून्य ते एक या टप्प्यात त्याच्या अ मधील मात्रेवर थांबणारे फलन जोडले, की काम झाले: मध्यंतराची टोपोलॉजी ज्या मूळ विवृत संचांपासून बनते, त्यांच्या व्यस्त प्रतिमांत ०, १, अ आणि अ चा पूरक, म्हणजे ब, एवढेच येतात आणि सर्व विवृत आहेत. उरलेल्या संचांनाही हाच युक्तिवाद लागतो, म्हणून हा अवकाश हटनच्या अर्थाने पूर्ण नियमित आहे.

“हा दोन बिंदूंचा खेळ आहे, मास्तर,” असे म्हणून त्यांनी आराखडा दुरुस्तीसाठी परत पाठवला, आणि माझे मार्गदर्शक खाली मान घालून बसून राहिले. सर्व अवकाशांबद्दल केलेला दावा दोन बिंदूंवर मोडला तर तो मोडलाच. त्यासाठी अनंत बिंदू जमवण्याची गरज नसते. शिवाय फझी एकसमान संरचनेतून (जवळीक सर्वत्र एकाच मापाने सांगणाऱ्या रचनेतून) मिळणारे अवकाश म्हणजे नेमके पूर्ण नियमित अवकाश, हे हटनने १९७७ मध्ये दाखवले ते याच व्याख्येवर. साध्या मध्यंतराच्या हट्टापायी हे प्रमेय घालवणारा माणूस मला तरी तज्ज्ञ वाटत नाही.

आता आपला प्रश्न. कोणतीही व्याख्या धरा, पण एका प्रबंधात एकाच कुळातील धरा. पूर्ण नियमितता पूरकाच्या भाषेत आणि हाउसडॉर्फ शून्य छेदाच्या भाषेत घेतलात, तर पायऱ्या जुळणार नाहीत: वरच्या अवकाशात अ दोन्ही बिंदूंना वेगळे ओळखतो, पूर्ण नियमितताही आहे, तरीही शून्याखेरीज प्रत्येक विवृत संचाची मात्रा सर्वत्र किमान ०.३ असल्यामुळे शून्य छेदाचे हाउसडॉर्फ तिथे अशक्य आहे. मी स्वतः पूरकाच्या बाजूचा आहे. पु आणि लिउ यांनी १९८० मध्ये फझी बिंदूंची (एकाच जागी शून्येतर मात्रा असलेल्या फझी संचांची) शेजारव्यवस्था याच बाजूने उभी केली.

दोन गोष्टी राहिल्या. आपले मार्गदर्शक फझी टोपोलॉजीच्या लोवेनकृत १९७६ च्या व्याख्येचा आग्रह धरत असतील, तर सर्व स्थिर संच विवृत मानावे लागतील. तसे केले तरी वरचे उदाहरण टिकते, फक्त ०.३ ते ०.७ यांमधील मात्रांचे सर्व संच त्यात भरले जातात. दुसरे असे की, नेहमीच्या टोपोलॉजीतून लोवेनच्या रीतीने (निम्न-अर्धसंतत फलने विवृत फझी संच मानून) तयार केलेल्या अवकाशांत जुनी फलने खरोखरच पुरतात. तज्ज्ञांनी तेवढेच म्हटले असते तर मी मान्य केले असते. आपल्या समितीत कोणी साध्या मध्यंतराचा हट्ट धरलाच, तर हे सहा संच फळ्यावर लिहा आणि त्यावरून साध्या मध्यंतरात जाणारे, स्थिर नसलेले एक तरी संतत फलन त्यांनाच लिहून दाखवायला सांगा.