सुगीचं चित्र आणि कंबर

पोरी,

चित्राचा फोटो व्हॉट्सॲपवर मिळाला. उत्तराला चार दिवस लागले कारण इकडं खटावला शालूची, म्हणजे रब्बी ज्वारीची, काढणी चाललीय, माणसं मिळंनात, मग मीच चार ओळी उपटल्या आणि कंबर अजून बोलतीय. म्हणूनच पहिलं हे सांगतो, तुझ्या चित्रातल्या एकाही बाईची कंबर दुखत नाही. सगळ्या हसतायत, लुगडी इस्त्रीची, वर नुसता पिवळा सांडलाय. आणि नाव काय तर 'आनंदी बळीराजा', त्यात बळीराजा आहे कुठं गं? सगळ्या बायकाच राबतायत!

आनंद असतो, नाही असं नाही, पण तो संध्याकाळी खळ्यावर. दुपारी बाराला रानात कोण हसतंय?

फ्रान्सचा मिले म्हणून चित्रकार होता, त्याचं 1857 चं 'द ग्लीनर्स' हे चित्र गूगलवर काढ, मूळ चित्र पॅरिसला ऑर्से म्युझियममध्ये आहे. तीन बायका सरवा, म्हणजे काढणीनंतर रानात पडून राहिलेली कणसं, वेचतायत. झूम करून बघ, सोनेरी उजेड सगळा मागं, गंजीवर, गाडीवर, तिथल्या गर्दीवर, आणि तिकडंच घोड्यावर एक मुकादम, एवढुस्सा. पुढं या तिघी मातकट सावलीत, तोंडं नीट दिसतसुद्धा नाहीत. एक हात लांबवतीय, एक वेचतीय, तिसरी अर्धवट उठलीय, म्हणजे एकाच कंबरेची दिवसभराची हालचाल तिघींत वाटून दिलीय. डोळ्यात पाणी नाही, काही नाही. फक्त मागची रास आणि यांची मूठ यातलं अंतर. तेवढ्यावर पॅरिसचे बडे लोक बिथरले, 1848 ची क्रांती ताजी होती ना, गरीब पुन्हा उठतील ही भीती.

माझी आजी सरवा वेचायला जायची. ओट्यात पाच-सात कणसं, पण मालकाच्या बुचाडाकडं, त्या रचलेल्या ढिगाकडं, मान वर करून बघायची नाही. ते न बघणं मला अजून काढता आलेलं नाही, चाळीस वर्षं झाली.

तू आता एवढं कर, पिवळा मागं ढकल, क्षितिज वर घे म्हणजे बायका मातीतच राहतील, आणि चेहऱ्यांचा नाद सोड, पाठी काढ. आणि मळणी मशीन का टाळलंस? भुसकट, धुरळा, तोंडाला बांधलेला स्कार्फ, आजची सुगी तीच आहे की. बैल काढलेस ते कॅलेंडरातले वाटतात, खरं सांगतो, राग मानू नको.

रविवारी एसटीनं वडूजला उतर, मी गाडी घेऊन येतो. आधी औंधच्या म्युझियममध्ये जाऊ, रविवर्म्याच्या बायकांच्या साड्या बघ, मग रानात येऊन आमच्या काकूनं खोचलेला पदर बघ. रंग आणू नकोस, नुसती पेन्सिल आण. आणि टोपी, ऊन लई आहे.