भाता आणि पन्हळी पत्रा

प्रिय बाळा,

तू पाठवलेलं ॲकॉर्डियनचं वाजवणं दोनदा ऐकलं. बोटं तयार आहेत, सूर कुठे डगमगला नाही. पण माझे पाय हलले नाहीत. झायडेको हे अमेरिकेतल्या लुइझियानाच्या काळ्या क्रिओल माणसांचं नाचाचं संगीत; ते ऐकून पाय जागचे हलत नसतील, तर मुळातलंच काहीतरी राहून गेलंय. झायडेकोचा ॲकॉर्डियनवादक क्लिफ्टन शेनिए, त्याचा उजवा हात तू उचललास. तो हात आला कुठून, ते आता बघ.

शेनिएचा जन्म 1925चा, लुइझियानातल्या ऑपलूससकडचा. काळ्या क्रिओल माणसांचं घर, बोली फ्रेंच. वडील जोसेफ घरगुती नाचांना ॲकॉर्डियन वाजवायचे. या नाचांना तिथे ‘ला-ला’ म्हणत. त्याच्याही मागे जा, तर ‘जूरे’: वाद्य एकही नाही, नुसते गळे, टाळ्या आणि जमिनीवर आपटणारी पावलं. झायडेको हा शब्द ‘ले झारिको सों पा साले’ या जुन्या ओळीतून आला असं मानतात. घेवड्याच्या शेंगा अळणी आहेत, म्हणजे त्यात टाकायला खारवलेलं मांससुद्धा घरात नाही. ही ओळ वाजवताना मला दर वेळी गलबलून येतं, आणि तरी ती नाचायचीच ओळ आहे.

जुने वादक, अमेदे आर्दवँसारखे, छोट्या बटणांच्या ॲकॉर्डियनवर वाजवायचे. त्यात भाता दाबला की एक सूर, ओढला की दुसरा, आणि मधले कितीतरी सूर नाहीतच. शेनिएला ब्लूज, म्हणजे काळ्या अमेरिकनांचं ते दुखरं गाणं, हवं होतं, म्हणून त्याने सप्तकातले बाराही सूर असलेलं पियानो ॲकॉर्डियन गळ्यात घेतलं. वडिलांचं वाद्य बदललं, नाच सोडला नाही. आर्दवँची 1929ची ध्वनिमुद्रणं आधी ऐक, मग शेनिए. उलट क्रमाने ऐकलंस तर ही उडी कळायची नाही.

आपल्या पेटीत आणि ॲकॉर्डियनमध्ये धातूची पट्टी हवेनेच थरथरते, म्हणून तुझा हात लवकर बसला. पण पेटीचा भाता तू एकसारखा चालवायला शिकलास, आणि इथे तीच सवय आड येते. इथे भात्याच्या झटक्यानेच ताल द्यायचा असतो. तुझा डावा हात फार सभ्य आहे.

शेनिएचा थोरला भाऊ क्लीव्हलंड त्याच्या शेजारी उभा असायचा, अंगात पन्हळी पत्र्याचं जाकीट, त्यावर घासून ताल धरायला हातात बाटल्यांचे ओपनर. आधी कपडे घासायचा पत्रा गळ्यात दोरीने अडकवत. 1946मध्ये टेक्सासातल्या पोर्ट आर्थरला शेनिएने विली लँड्री या धातुकाम करणाऱ्या माणसाकडून खांद्यांवर बसणारा पत्रा घडवून घेतला. त्याला फ्रॉतवार म्हणतात. ग्रॅमी वगैरे पुढे, 1984 साली मिळालं. शेवटच्या वर्षांत मधुमेहाने पाय पोखरला, डायलिसिस सुरू झालं, तरी तो वाजवतच राहिला.

महिनाभर नवं गाणं घेऊ नकोस. रोज दहा मिनिटं ॲकॉर्डियन बाजूला ठेवून नुसत्या टाळ्या आणि पाय. रविवारी येताना धाकट्याला घेऊन ये, त्याच्या हातात दोन चमचे दे. पत्रा माझ्याकडे आहे.

अनेक आशीर्वाद,
तुझे सर