आधी बिनप्रोटीनची ट्यूब लाव

अरे, तुझा मेसेज दोनदा वाचला. डॉकिंगचा, म्हणजे कंपाउंड प्रोटीनवर कसं बसेल या कॉम्प्युटरच्या अंदाजाचा, स्कोर मस्त आलाय, टर्बिडिटीचा, म्हणजे गढूळपणाचा, कर्व्ह वर गेलाय, पण टॅक्सॉल या कॅन्सरच्या औषधाच्या जागेवर बसवलेला चमकणारा खुणेचा रेणू, म्हणजे फ्लुरोसंट लिगँड, काही केल्या हटत नाहीये, सेल्समध्ये पण काही दिसत नाहीये, आणि गाइड म्हणतायत की आता लिहायला घे. मग कंपाउंड बाइंड होतंय की नाही, असं विचारतोयस. मी वेगळंच विचारते, ट्यूब्युलिन, म्हणजे जुळून पेशीतल्या नळ्या बनवणारं प्रोटीन, न घालता नुसता बफर आणि कंपाउंड अशी ट्यूब लावलीस का? पाठवलेल्या चारही ग्राफमध्ये ती मला सापडली नाही.

हे बघ, मशीनला मायक्रोट्यूब्यूल, म्हणजे ट्यूब्युलिनच्या त्या नळ्या, दिसत नाहीत, त्याला फक्त गढूळपणा कळतो. 340 नॅनोमीटरला प्रकाश विखुरला की आकडा वर. ट्यूब्युलिन जुळून नळ्या झाल्या तरी वर, आणि तुझं कंपाउंड पाण्यात न विरघळता त्याचा साका झाला तरी वर. त्यात कंपाउंड ज्यात विरघळवतो ते डीएमएसओ स्वतःच ट्यूब्युलिनला जुळायला मदत करतं, म्हणजे कंट्रोलमध्ये ते तेवढंच नसेल तर तुलनाच खोटी.

मी हे इतकं का बोलतेय ते सांगते. तुझ्या वयाची असताना माझ्याकडे पण असंच एक कंपाउंड होतं. कर्व्ह सुंदर. मग ट्यूब्स बर्फात ठेवल्या, कारण साधे मायक्रोट्यूब्यूल थंडीत सुटे होतात आणि टॅक्सॉलने धरलेले टिकतात, हे 1979 मध्ये सुझन हॉर्विट्झच्या लॅबने दाखवलंय. माझा आकडा बर्फात पण खाली आला नाही. मी आनंदाने सगळ्यांना सांगत सुटले की थंडीत टिकतंय, टॅक्सॉलसारखंच आहे. अकरा महिने गेले. शेवटी एकदा थेंब काचेवर घेऊन साध्या मायक्रोस्कोपखाली बघितला तर सुया, नुसत्या लांब चकचकीत सुया, कंपाउंडचे क्रिस्टल. साका बर्फात कशाला विरघळेल! बिनप्रोटीनची ट्यूब पहिल्या दिवशी लावली असती तर एका दुपारचं काम होतं रे. माझे महिने गेले त्याचं एवढं नाही वाटत, पण माझ्या शब्दावर विसंबून एका ज्युनिअरने त्याच कंपाउंडवर सेल्सचं काम सुरू केलं होतं, तिचं वर्ष गेलं. ते अजून डाचतं.

आणि नवख्यांनाच हे होतं असं समजू नकोस. 2008 मध्ये एका ग्रुपने दाखवलं की खुद्द टॅक्सॉलचे सुयांसारखे क्रिस्टल होतात, त्यांना फ्लुरोसंट ट्यूब्युलिन चिकटतं आणि ते अगदी मायक्रोट्यूब्यूलच्या जुडग्यासारखे दिसतात. म्हणजे डोळ्याला दिसलं तरी बिनप्रोटीनची ट्यूब लागतेच.

आता लिगँड हटत नाही त्याचं. त्यावरून लगेच कंपाउंड फेकून देऊ नकोस. ट्यूब्युलिन म्हणजे अल्फा आणि बीटाची जोडी; टॅक्सॉल बसतं बीटा ट्यूब्युलिनवर, नळीच्या आतल्या बाजूला, एम-लूप नावाच्या वळणाजवळ. हा लूप शेजारच्या प्रोटोफिलामेंटला, म्हणजे नळीतल्या ट्यूब्युलिनच्या शेजारच्या रांगेला, धरतो, तो नीट बसला की शेजार घट्ट होतो आणि ट्यूब्युलिनवरचा जीटीपी हा रेणू तुटून जीडीपी झाल्यावर पण नळी उसवत नाही. पण लॉलिमलाइड आणि पेलोरुसाइड ही दोन कंपाउंड बसतात बीटाच्याच बाहेरच्या बाजूला, साफ वेगळ्या जागी, ते टॅक्सॉलला हटवत नाहीत आणि तरी नळी धरून ठेवतात. तुझं तसं असू शकतं. किंवा नुसता साका असू शकतो. या दोन्हीत फरक कोण सांगणार? तीच ट्यूब.

डॉकिंगचं मला फार सांगू नकोस. सुट्या डायमरमध्ये, म्हणजे नळीत न जुळलेल्या ट्यूब्युलिनच्या जोडीत, एम-लूप लुळा असतो, टॅक्सॉल सुट्याला जेमतेम धरतं आणि जुळलेल्या नळीला घट्ट. तू कुठला स्ट्रक्चर घेतलास, सुट्याचा की नळीचा, हे मेसेजमध्ये लिहिलेलंच नाहीये! मग स्कोरचं मी काय करू?

गाइडना नाही कसं म्हणू, असं तू लिहिलं नाहीस पण मला ते वाचता आलं. मी एकदा एका पेपरवरून स्वतःचं नाव काढून घेतलं, कारण ही एक ट्यूब लावायला कोणी तयार नव्हतं. हट्टी म्हणाले, पुढची पोझिशन गेली, दोन वर्षं वाईट गेली. आज पण तेच करेन. घाई कसली आहे? मन्रो वॉल आणि मनसुख वाणी या केमिस्ट लोकांनी टॅक्सॉलची रचना छापली 1971 ला, ते नेमकं करतं काय हे कळलं आठ वर्षांनी, औषध म्हणून मान्यता मिळाली 1992 ला. तुझ्या दोन आठवड्यांनी कोणाचं काही अडत नाही.

तर उद्या हे कर. एक ट्यूब ट्यूब्युलिन आणि डीएमएसओ, एक ट्यूब्युलिन आणि टॅक्सॉल, एक ट्यूब्युलिन आणि तुझं कंपाउंड, आणि चौथी नुसतं कंपाउंड, बिनप्रोटीनची, सगळ्यांत डीएमएसओ सारखंच. चौथी सपाट राहिली तर तिसरीचा पेलेट, म्हणजे सेंट्रिफ्यूजमध्ये तळाशी बसलेला भाग, काढून जेलवर बघ, 50 केडीएच्या (किलोडाल्टन, प्रोटीनच्या वजनाचं माप) आसपास ट्यूब्युलिनचा पट्टा किती येतो ते, आणि थोडं सॅम्पल इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपीला दे, 25 नॅनोमीटर जाडीच्या नळ्या दिसायला हव्यात, गोळे नकोत. चौथी वर गेली तर लगेच फोन कर, कितीही वाजले असले तरी, एकटा बसू नकोस. आणि गाइडशी बोलायला जड जात असेल तर तसं सांग, मी बोलते त्यांच्याशी.