दर पाडायच्या आधी ते अडकलेलं बिल बाहेर काढा

ताई, तुमचं वाचून रात्री झोप लागली नाही. साताऱ्यात डिझाइन आणि छपाईचं छोटं युनिट, लग्नपत्रिका व्हॉट्सअ‍ॅपवर गेल्या, फ्लेक्सवाल्यांनी दर पार तळाला नेलेत, त्यात एका कंपनीकडे सव्वातीन लाखांचं बिल सात महिने पडून. आणि प्रश्न असा की दर कमी करून कामं ओढावीत की शटर ओढून पुण्यात नोकरी धरावी. मी सांगलीत ऑफसेट चालवतो. नावं बदलली तर ही माझीच गोष्ट आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

आधीच सांगतो, मी वकील नाही, सीए नाही. कलमांचे आकडे आणि आजचे नियम तुमच्या सीएकडून पक्के करून घ्या. खर्च कमी करा, घरचा आणि धंद्याचा पैसा वेगळा ठेवा, हे तुम्हाला माहीत असणारच, त्यात वेळ घालवत नाही.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली तेव्हा आमच्या गोडाऊनमधला कागद गेला. पुढच्या मार्चमध्ये लॉकडाऊन. पण खरं सांगू, मला पुरानं मारलं नाही आणि कोरोनानंही नाही. मारलं ते एका मोठ्या कंपनीच्या अकाउंट्स खात्यानं. नाव घेत नाही, घेण्यात अर्थही नाही, अशी खाती सगळीकडे आहेत.

त्यांना आम्ही कार्टन आणि माहितीपत्रकं छापून देत होतो. माल गेटवर उतरायचा, स्टोअरवाला मोजून आत घ्यायचा, त्याच आठवड्यात वापरायचाही. बिल मात्र महिन्याभरानं परत. कारण काय, तर पीओ (खरेदी ऑर्डर) नंबर जुना आहे. नवा नंबर टाकून बिल दिलं, तर जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची त्यांची नोंद, झालेलं नाही. जीआरएन करायचं स्टोअरनं आणि स्टोअर म्हणणार अकाउंट्सला विचारा. ते झालं तर ज्या साहेबांनी ऑर्डर दिली त्यांची बदली झालेली, नव्या साहेबांची सही हवी. दर वेळी म्हणायचे, "जुनं बिल कॅन्सल करा, आजच्या तारखेचं द्या." आजची तारीख पडली की त्यांच्या सिस्टीममध्ये उधारीचे दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायला सुरुवात. त्या टेबलावरच्या माणसाला यात काही वावगं वाटायचं नाही, याचा मला आजही संताप येतो. माझा माल त्यांनी विकून पैसे केले होते.

एका बिलानं पुढे काय काय ओढून नेलं ते बघा. पहिल्या बिलाचा जीएसटी मी पुढच्या महिन्याच्या २० तारखेला भरून मोकळा, पैसे आलेले नसताना. बँकेत कॅश क्रेडिटचं, म्हणजे माल आणि येण्यांवर मिळणाऱ्या कर्जाचं, स्टॉक स्टेटमेंट दिलं की ९० दिवसांपुढची येणी बँक सहसा धरत नाही, म्हणून ड्रॉइंग पॉवर, म्हणजे प्रत्यक्ष उचलता येणारी रक्कम, खाली आली. लिमिट कागदावर तेवढंच, उचलायला मात्र काही नाही. कागदवाल्या शेठनं उधारी थांबवून रोख मागायला सुरुवात केली. आता आमच्याकडे छपाईचा मोठा हंगाम म्हणजे पतसंस्था आणि सोसायट्यांचे वार्षिक अहवाल, कारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. २०२० ला सभाच लांबल्या. पुढच्या वर्षी कामं परत दारात आली, तर कागद उचलायला पैसे नाहीत. हंगाम दुसऱ्यांनी केला. आमचा जुना मशीनमन इचलकरंजीला निघून गेला. हात इतका साफ की रंगाचा एक शीट वाया जायचा नाही. तसा माणूस मला पुन्हा मिळाला नाही.

म्हणून माझं ठाम मत, मंदीत कामं कमी होतात ते सोसता येतं. केलेल्या कामाचे पैसे दुसऱ्याच्या खात्यात राहिले तर नाही सोसत. तुम्ही दर पाडायचा विचार करताय, पण पाडलेल्या दराचं कामही असंच उधार गेलं तर तोटा फक्त लवकर होईल.

आता त्या सव्वातीन लाखांचं. तुमची उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, माल देण्याच्या आधीची असेल तर अशा उद्योगांसाठीचा २००६ चा एमएसएमईडी कायदा तुमच्या बाजूनं आहे. लेखी करार असेल तर त्यातली मुदत, पण ४५ दिवसांच्या वर नाही. करारच नसेल तर १५ दिवस. आणि हे नीट वाचा, दिवस मोजायचे ते माल स्वीकारल्यापासून, बिलाच्या तारखेपासून नाही. मालाबद्दल १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही तर माल पोचला त्या दिवशीच स्वीकारला असं धरलं जातं. त्यांनी तुमच्याकडून बिल तीनदा बदलून घेतलं तरी ती तारीख हलत नाही. हे मला फार उशिरा एका वकिलाकडून कळलं आणि तिथून सगळं फिरलं. मुदत उलटल्यावर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, महिन्याला चक्रवाढ व्याज लागतं.

दुसरं, तुमचं बिल १८० दिवसांच्या पुढे गेलंय. जीएसटी कायद्यानुसार १८० दिवसांत पुरवठादाराला पैसे दिले नाहीत तर खरेदीदारानं घेतलेलं इनपुट क्रेडिट, म्हणजे त्या बिलावरच्या जीएसटीची वजावट, व्याजासह परत करायचं असतं. तिसरं, आयकरातलं ४३बी(एच) हे कलम. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं बिल मुदतीत दिलं नाही तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे देतील त्या वर्षातच वजा मिळतो. नव्या आयकर कायद्यात कलमाचे क्रमांक बदललेत, सीएला विचारा. या तीन गोष्टी एका पानावर, डिलिव्हरी चलनाच्या प्रती जोडून, अकाउंट्सला नाही तर कंपनीच्या फायनान्स प्रमुखाला आणि ऑडिटरला स्पीड पोस्टानं पाठवा. भाषा सभ्य ठेवा, रडगाणं नको. तरी हललं नाही तर छोट्या उद्योगांच्या थकलेल्या बिलांसाठी सरकारचं ऑनलाइन पोर्टल आहे, त्यावर अर्ज. कायद्यात निकालाला ९० दिवस लिहिलेत, प्रत्यक्षात त्याहून बराच वेळ जातो, त्यावर घर चालवायची आशा ठेवू नका. पण माझ्या बाबतीत नुसता अर्ज गेल्यावर तेच खातं फोन करू लागलं. मुद्दल मिळालं, व्याज मी सोडलं. धंदा चालू ठेवायचा होता.

गिऱ्हाईक तुटेल ही भीती मलाही होती. तुटलं. त्याच्या जागी आलेली छोटी गिऱ्हाइकं निम्मे पैसे आधी देतात.

काही खरेदीदार हल्ली उद्यम नोंदणी रद्द करून या म्हणतात. अजिबात करू नका. नोंदणी नसेल तर आजच करा, आधार आणि पॅनवर फुकट होते, एजंटला पैसे देऊ नका. मात्र नोंदणीच्या आधी दिलेल्या मालाला हे संरक्षण मिळत नाही, असं सुप्रीम कोर्टानं आधीच्या निकालांत म्हटलंय; २०२५ मध्ये हा प्रश्न मोठ्या पीठाकडे गेला, म्हणून आजची स्थिती वकिलाला विचारा. तुम्ही फ्रीलान्स डिझाइनही करता असं लिहिलंय, तेही सेवा म्हणून नोंदणीत घाला. निव्वळ व्यापाऱ्यांना नोंदणी मिळते, पण उशिराच्या बिलाचा हा हक्क मिळत नाही, म्हणून तुमचा मुख्य व्यवसाय छपाई आणि डिझाइन असाच दिसला पाहिजे.

कर्जाचा हप्ता थकायच्या आधी बँकेत जा. ९० दिवस झाले की खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्ज ठरतं, मग मॅनेजरच्या हातात फारसं काही उरत नाही. २५ कोटींपर्यंतच्या कर्जांसाठी रिझर्व्ह बँकेची २०१६ ची पुनरुज्जीवनाची चौकट आहे, त्यात खातं अडचणीत येतंय असं आपणहून अर्ज करून सांगता येतं. शाखेत याची माहिती नसली तर लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी बोलण्याला तिथे शून्य किंमत आहे. आणि सबसिडी मिळतेय म्हणून या काळात नवं मशीन घेऊ नका, कुणीही कितीही गळ घातली तरी.

कामाचं म्हणाल तर लग्नपत्रिकांच्या मागे धावू नका, त्या परत येणार नाहीत. आम्ही लेबलकडे वळलो. तासगावचा बेदाणा, सांगलीची हळद, घरगुती मसाले करणाऱ्या बायका. यातल्या बऱ्याच जणांना लेबलवर काय लागतं हेच ठाऊक नसतं. एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न सुरक्षा खात्याचा, १४ आकडी नंबर, शाकाहारी असल्याची हिरवी खूण, निव्वळ वजन, एमआरपी, पॅकिंगची तारीख, ग्राहक तक्रारीचा पत्ता. हे आपण पहिल्याच प्रूफमध्ये बरोबर बसवून दिलं की ते गिऱ्हाईक दोन पैशांसाठी दुसरीकडे जात नाही. एकदा एक ताई हजार पाकिटं छापून घेऊन आल्या होत्या, दुसरीकडून. वजनाची जागाच सोडलेली नव्हती. सगळी स्टिकर लावून वाचवली, आणि तेव्हापासून त्या आमच्याकडेच येतात. तुमच्याकडे तर कंदी पेढे आहेत, वाई-महाबळेश्वरकडे जाम, सिरप, स्ट्रॉबेरी आहे. छोट्या संख्येचं डिजिटल प्रिंट बाहेरून करून घ्या, डिझाइनचे पैसे वेगळे लावा. "डिझाइन फुकट" हे बोर्डावरून आधी पुसा. तुमचं कौशल्य तेच आहे आणि तेच तुम्ही वाटून टाकताय.

नोकरीचं मी सांगू शकत नाही, घरची गणितं तुमची तुम्हाला माहीत. फक्त बिल वसूल व्हायच्या आत शटर ओढू नका. बंद पडलेल्या युनिटचा फोन ते खातं उचलतही नाही.

तुम्ही एक गोष्ट लिहिलेली नाही. माल दिला त्या दिवसाच्या डिलिव्हरी चलनावर त्यांच्या गेटचा शिक्का किंवा सही आहे का? आधी फाइल काढून बघा. नसेल तर त्या आठवड्याचे मेल, व्हॉट्सअ‍ॅप, टेम्पोवाल्याची पावती, जे सापडेल ते गोळा करा आणि इथे सांगा, पत्राचा मसुदा मी करून देतो.