फुलोऱ्यातील हरभरा वाळत असल्यास आधी मूळ तपासावे

प्रश्न : इंदूर जिल्ह्यातील सांवेर आणि देपालपूरकडील काही शेतकरी विचारतात की, सोयाबीननंतर पेरलेला डॉलर चना (टपोरा काबुली हरभरा) फुलोऱ्यात जागोजागी वाळत असून दुकानदार त्याला उकठा (मर रोग) म्हणून बुरशीनाशक ओतण्यास सांगतात. ते ओतावे का?

उत्तर : औषध घेण्यापूर्वी अर्धवट वाळलेली चार-पाच रोपे खुरप्याने खोदून काढावीत. ती उपटू नयेत, कारण कोरड्या मूळकुजीत सोटमूळ ठिसूळ होते आणि उपटताना त्याचे टोक जमिनीतच राहते. मूळ काळपट व कोरडे, तंतुमुळे बहुतेक झडलेली आणि झाड वाळल्या गवतासारखे पिवळे असेल, तर ही मूळकूजच समजावी. उकठ्यात मूळ बाहेरून धडधाकट दिसते. मात्र बुंधा उभा चिरल्यावर आत तपकिरी-काळी रेघ आढळते. पेरणीनंतर महिन्याभरातच रोपे कोलमडून बुंध्याशी पांढरी बुरशी व मोहरीएवढे दाणे दिसले, तर ती मानकूज होय. जादा ओल आणि न कुजलेले काड तिला मानवते.

मूळकुजीचे तसे नाही. तापमान ३० अंशांपुढे जाऊन काळ्या जमिनीची ओल तुटली की ती बळावते, म्हणूनच उशिरा पेरलेले पीक तिच्या तावडीत अधिक सापडते. मूळकुजीची बुरशी सोयाबीनवरही जगते व तिचे बीज जमिनीत काही वर्षे टिकते, त्यामुळे दरवर्षी सोयाबीन-हरभरा हाच फेर धरल्यास रोग शेतात मुरतो.

वाळलेले झाड कोणत्याही औषधाने उठत नाही. उभ्या पिकात औषध ओतण्याचा खर्च माझ्या मते बहुधा वायाच जातो. भेगा पडू लागल्या असतील तर हलके पाणी द्यावे, परंतु ते साचू देऊ नये.

खरा इलाज पुढील हंगामाचा आहे. उन्हाळ्यात खोल नांगरट करावी, त्या शेतात एक-दोन वर्षे हरभऱ्याऐवजी गहू घ्यावा आणि पेरणी वेळेवर उरकावी. बियाण्यास किलोमागे १० ग्रॅम ट्रायकोडर्मा (रोगकारक बुरशीला रोखणारी उपयुक्त बुरशी) चोळून सावलीत सुकवावे. त्यासोबत कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक वापरू नये, कारण ते ट्रायकोडर्मालाही मारते. मर-प्रतिकारक वाण मूळकुजीलाही दाद देणार नाही, असे गृहीत धरू नये.

निदान जमत नसेल तर मुळासकट रोपे मातीसह कागदात गुंडाळून कस्तुरबाग्राम येथील कृषी विज्ञान केंद्रात दाखवावीत. प्लास्टिकच्या पिशवीत ती घामेजतात, वर भलतीच बुरशी चढते आणि खरा रोग ओळखणे कठीण होते.