वडिलांची बंदूक कपाटात, भावाची रायफल टेक्सासात

प्रश्न : मी सत्तरी तालुक्यातला बागायतदार. म्हादई अभयारण्याची हद्द आमच्या वाड्यापासून सहा-सात किलोमीटरवर आहे. खाली पोफळी-केळी, वर डोंगरात काजू. रानडुकरं आणि गवे दर वर्षी नासधूस करतात. वडिलांच्या नावावर पीक संरक्षणासाठी एकनळी बंदूक होती. वडील गेल्या पावसाळ्यात वारले. बंदूक घरी आहे. धाकटा भाऊ अमेरिकेत टेक्सासला असतो. त्याच्याकडे .३०० विंचेस्टर मॅग्नमची, कार्बन फायबरच्या नळीची, तीन किलोहून हलकी रायफल आहे. तो चवथीला तीन आठवड्यांसाठी येतोय. ‘मी घेऊन येतो, नाहीतर भाग सुटे करून कुरिअरने पाठवतो, तू लायसनवर चढवून घे,’ असं म्हणतो. जमेल का? नाहीतर अशी रायफल इथे विकत मिळेल का?

उत्तर : रायफलीकडे नंतर येतो. तुमच्या पत्रातल्या ‘बंदूक घरी आहे’ या तीन शब्दांनी मला जास्त काळजी लावली.

शस्त्राचा परवाना माणसाला मिळतो. वडील गेले तेव्हा त्यांचा परवाना त्यांच्याबरोबर संपला. तेव्हापासून ती बंदूक तुमच्या घरात कोणाच्याही परवान्याशिवाय पडून आहे. शस्त्र अधिनियम १९५९ चं कलम २१ सांगतं की, शस्त्र बाळगणं कोणत्याही कारणाने बेकायदेशीर झालं, तर ते विनाकारण उशीर न लावता जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं. घरात सुतक होतं, कागद सापडत नव्हते, हे सगळं मी समजू शकतो. पण एक पावसाळा उलटून गेल्यावर ‘विनाकारण उशीर नाही’ हे कोर्टात पटवणं अवघड जाईल. म्हणून या आठवड्यात हे काम करा. बंदूक खांद्यावर टाकून ठाण्यात जाऊ नका. आधी वडिलांचा मृत्यू दाखला आणि परवान्याचं पुस्तक घेऊन जा, निरीक्षकांना लेखी अर्ज द्या, अर्जाच्या प्रतीवर शिक्का घ्या, आणि बंदूक कशी आणून द्यायची ते त्यांनी सांगितल्याप्रमाणे करा. उरलेली काडतुसंही त्याच अर्जात मोजून लिहा. ती बहुतेक घरांत विसरली जातात.

जमा केली म्हणजे बंदूक गेली, असं समजू नका. कायदेशीर वारसाच्या नावे परवाना देण्याची सोय शस्त्र नियम २०१६ मध्ये आहे. अर्ज उत्तर गोव्याच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे जाईल, पोलिसांचा अहवाल येईल, शस्त्र सुरक्षिततेच्या प्रशिक्षणाचा दाखला लागेल. इतर वारसांची ना हरकत मागतील, आणि इथे भावाचं येणं खरोखर उपयोगी आहे. तो चवथीला घरी असताना त्याचं आणि आईचं प्रतिज्ञापत्र करून घ्या. टेक्सासातून ते कागद करून आणणं फार कटकटीचं होतं.

आता रायफल. .३०० विंचेस्टर मॅग्नम हे १९६३ साली बाजारात आलेलं काडतूस. ते वापरणारी बोल्ट ॲक्शन रायफल, म्हणजे दर गोळीनंतर बोल्ट हाताने मागे-पुढे करावा लागणारी, आपल्याकडे प्रतिबंधित बोअरमध्ये, म्हणजे सामान्य माणसाला सहसा न मिळणाऱ्या नळीच्या मापात, मोडत नाही. म्हणजे कागदावर दार बंद नाही. पण शस्त्र अधिनियमाचं कलम १३ नीट वाचलं तर तुमची अडचण लक्षात येईल. पीक संरक्षणाचं कारण देणाऱ्याला कायदा ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायची बंदूक देतो. ती पुरत नाही असं अधिकाऱ्याला पटलं, तर दुसरी एखादी गुळगुळीत नळीची बंदूक. रायफल क्लबच्या सभासदाला नेमबाजीच्या सरावासाठी पॉइंट टू-टू किंवा एअर रायफल. याखेरीज काहीही हवं असेल तर अर्जदाराने ‘सबळ कारण’ दाखवायचं आणि अधिकाऱ्याची खात्री पटवायची. तुमचं कारण रानडुकरं असेल, तर ते कारणच तुम्हाला वडिलांच्या बंदुकीच्या प्रकाराकडे परत नेतं.

मला ही तरतूद योग्य वाटते, आणि तुमच्या बागायतीपुरती तर फारच. मॅग्नमची गोळी सेकंदाला साधारण नऊशे मीटर वेगाने सुटते आणि नेम चुकला तर काही किलोमीटर जाऊ शकते. पोफळींच्या पलीकडे कोणाचं तरी घर असतं, काजूच्या दिवसांत पहाटेपासून माणसं डोंगरात बोंडू वेचत असतात. रात्री बॅटरीच्या उजेडात डुकरावर झाडलेली अशी गोळी कुठे थांबेल, हे झाडणाऱ्याला सांगता येत नाही. शिवाय रायफल जितकी हलकी तितका तिचा दणका जास्त. तीन किलोच्या आतली मॅग्नम खांद्याला असा झटका देते की नवखा माणूस दुसऱ्या गोळीपासूनच डोळे मिटून चाप ओढतो. भाऊ ती उघड्या माळावर, लांब पल्ल्यासाठी वापरत असेल. तिथे ती चांगलीच असेल.

अभयारण्याचं अंतर तुम्ही स्वतःहून लिहिलंत हे बरं झालं. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या कलम ३४ प्रमाणे अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकाला मुख्य वन्यजीव रक्षकांकडे नाव नोंदवावं लागतं. त्याच पट्ट्यात नवा शस्त्र परवाना त्यांच्या पूर्वसंमतीशिवाय देता येत नाही. हे तुम्हाला थेट लागू आहे. अर्ज करताना ही गोष्ट लपवली आणि नंतर उघड झाली, तर तुमची बाजू नाहक पडेल. वडिलांच्या नावाची ती नोंदणी झाली होती का, तेही जुन्या कागदांत शोधा.

समजा, हे सगळं पार पडलं. तरी विकत काय मिळणार? खासगी माणसासाठी बंदुकांची आयात १९८०च्या दशकापासून बंद आहे. सवलत आहे ती मुख्यतः नामवंत नेमबाजांना. दुकानात मिळते ती आपल्या आयुध कारखान्यांची .३१५ किंवा .३०-०६ स्पोर्टिंग रायफल. मॅग्नम हवी असेल तर जुन्या शिकारी घराण्यांकडची वापरलेली शोधावी लागते, आणि ती हलकी नसते. तशी खासगी खरेदी करायची तर विकणाऱ्याने जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा पोलीस ठाण्याला घेणाऱ्याच्या नावपत्त्यासह लेखी कळवून पंचेचाळीस दिवस थांबायचं असतं. आणि २०१९ च्या दुरुस्तीपासून एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात. वारसाने आलेलीही त्यातच मोजली जाते.

भावाच्या योजनेबद्दल मात्र मला एकही फट ठेवायची नाही. सुट्टीवर येणाऱ्या माणसाला सामानातून बंदूक आणता येत नाही. परदेशातला मुक्काम कायमचा हलवून परतणाऱ्याला एक बंदूक आणायची मुभा असते, तीसुद्धा किमान वर्षभर तिथे त्याच्या ताब्यात आणि वापरात असलेली, परवानगीच्या बोअरची, आणि भारतातला परवाना हाती असेल तर. ती दुसऱ्याला विकायची, द्यायची किंवा उसनी ठेवायचीही मनाई असते. म्हणजे भाऊ उद्या कायमचा परतला तरी रायफल त्याचीच राहील, तुमच्या लायसनवर चढणार नाही.

सुटे भाग पाठवायचा विचार त्याहून धोक्याचा. कायद्यातल्या ‘शस्त्र’ या व्याख्येत शस्त्राचे भागही येतात. नुसती नळी किंवा नुसता बोल्ट पार्सलमध्ये सापडला तरी ती विनापरवाना आयात, आणि पार्सलवर पत्ता तुमचा. आवाज किंवा ज्वाला कमी करणारं, नळीच्या तोंडाला लावायचं उपकरण तर कायदा बंदुकीतच धरतो. भाऊ ते किरकोळ समजून बॅगेत टाकेल, कारण टेक्सासात बऱ्याच जणांकडे ते असतं. अमेरिकेतून बंदूक बाहेर पाठवण्यावरही तिथल्या सरकारचं नियंत्रण आहे, तेव्हा तो दोन देशांत अडकेल. आजच फोन करा. फोनवर सांगितल्यावर एक साधा मेसेजही लिहून ठेवा की, काही पाठवू नकोस.

राहिली नासधूस. परवाना असला तरी रानडुक्कर मारायची मोकळीक मिळत नाही. ते वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या दुसऱ्या अनुसूचीत आहे. उभ्या पिकाला धोका असेल तर त्याच अधिनियमाच्या कलम ११ खाली लेखी परवानगी काढावी लागते, आणि मारलेलं जनावर सरकारजमा होतं. गवा पहिल्या अनुसूचीत आहे, पिकासाठी त्याला हात लावता येत नाही. जिवावर बेतलं तर स्वसंरक्षणाची तरतूद आहे, पण ती माणसाच्या जिवापुरती, केळीच्या घडापुरती नाही. नुकसान झालं की त्याच दिवशी फोटो काढा, वन खात्याकडे भरपाईचा अर्ज टाका. वाळपईच्या झोनल कृषी कार्यालयात सौर कुंपणाच्या अनुदानाची चौकशी करा. कुंपण शेजाऱ्यांसह सलग घेतलंत तर डुकरं तुमच्याकडून हटून त्यांच्या बागेत शिरणार नाहीत.

बंदूक जमा कराल तेव्हा पावतीवर तिचा नंबर, नळीची स्थिती आणि काडतुसांचा आकडा लिहिलाय ना, ते काउंटरवरच वाचून घ्या. वारसाच्या अर्जाला हीच पावती जोडायची आहे.