आधी तिच्या वह्या परत द्या

नमस्कार. मुलगी अकरावी सायन्सला, दहावीला 84 टक्के, रात्री गच्चीवर बसून चंद्राची चित्रं काढते म्हणून तुम्ही तिच्या चारही वह्या कपाटात कुलूप लावून ठेवल्यात, आणि विचारताय की चंद्राचं एवढंच वेड असेल तर एरोस्पेस करून इस्रोत जायला कुठला क्लास लावू. मार्क चांगले आहेत, त्यांची काळजी नको. मला काळजी वाटली ती पत्राच्या शेवटच्या ओळीची, की हल्ली ती जेवताना कुणाशी बोलत नाही. हे तुम्ही जाता जाता लिहिलंय, पण खरं पत्र तेवढंच आहे. सोळा वर्षांच्या पोरीने महिनोन् महिने रोज बघून बघून केलेलं काम तुम्ही जप्त केलंत, मग ती बोलेल कशाला?

आता इस्रोचं. चंद्र आवडतो म्हणजे रॉकेट आवडतं असं नसतं हो. 1609 मध्ये इंग्लंडच्या थॉमस हॅरियटने गॅलिलिओच्या काही महिने आधीच दुर्बिणीतून चंद्र बघून कागदावर उतरवला, माणूस गणितात एकदम पक्का, पण त्याच्या त्या पहिल्या चित्रात उजेड-अंधाराची वेडीवाकडी रेघ आणि थोडे डाग, बस. गॅलिलिओला चित्रकलेची जाण होती, पुढे 1613 मध्ये फ्लॉरेन्सच्या कलाकारांच्या अकादमीने त्याला सभासदही करून घेतलं, आणि त्याने त्याच डागांत सावल्या ओळखल्या, म्हणजे तिथे डोंगर आणि खड्डे आहेत हे ओळखलं. बघता येणं ही वेगळी ताकद आहे, तिला फिजिक्सची धाकटी बहीण समजू नका. आणि अपोलो 12 मधून चंद्रावर उतरलेला ॲलन बीन तर 1981 मध्ये नासा सोडून पूर्णवेळ चित्रकार झाला.

मुलीने स्वतः इस्रो म्हटलं असतं तर मी वेगळं लिहिलं असतं. तुमच्या अख्ख्या पत्रात तिचं म्हणणं एका वाक्यातही नाही.

तिला वेळेचं भान नाही म्हणता, पण चंद्र रोज सरासरी 50 मिनिटं उशिरा उगवतो, ती त्याच्या वेळेने चाललीय. झोपेचा मुद्दा मात्र तुमचा बरोबर आहे. तेव्हा शुक्ल पक्षात संध्याकाळी काढू दे, कृष्ण पक्षात रात्री झोपू दे, अमावस्या जवळ येईपर्यंत सकाळी क्लासला निघायच्या आधी तो आकाशात असतोच. पौर्णिमेला सावल्या जवळजवळ नसतात, खड्डे उठून दिसतात ते अष्टमीच्या आसपास, हे तिला बहुतेक माहीत असेल. काळा कागद, पांढरी पेन्सिल, जमलं तर साधी दुर्बीण आणून द्या आणि प्रत्येक चित्राखाली तारीख-वेळ लिहायला सांगा. असा वर्षभराचा सलग पोर्टफोलिओ फार थोड्या मुलांकडे असतो.

परीक्षा म्हणाल तर बीएफएची, म्हणजे चित्रकलेच्या पदवीची सीईटी, आणि डिझाइनच्या शिक्षणासाठी एनआयडी आणि यूसीड या प्रवेश परीक्षा, तिन्हीला बारावी सायन्स चालते, त्यामुळे घाईने काही बदलू नका. कमाई सुरुवातीला हळू असते, हे मी लपवणार नाही.

पण हे सगळं नंतर. आज घरी गेल्यावर ते कुलूप काढा, वह्या तिच्या हातात द्या, आणि चुकलं असं तोंडाने म्हणा. त्यातली पानं फाटली नाहीत ना, तेवढं मला कळवा.